हॉलचे पडदे, अभ्रे, गालिचा: आधी ऊन बघा, मग रंग

नवीन फ्लॅटचा ताबा मिळाला किंवा दिवाळीच्या आधी रंगकाम झालं की आपण आधी पडद्याच्या दुकानात जातो, शेड कार्डं उलटत बसतो आणि दुकानदार म्हणाला "सध्या हाच चालतोय ताई" की तोच घेऊन येतो. माझं म्हणणं असं की दुकान ही बरीच नंतरची पायरी आहे. हॉलमध्ये ऊन कुठून येतं, किती वेळ राहतं, आणि हॉलमधल्या कोणत्या गोष्टी आपण पुढची पाच-सात वर्षं बदलणार नाही आहोत, एवढं आधी ठरलं की कापड, रंग, कुशन, गालिचा हे सगळं बरंचसं आपोआप ठरत जातं.

उदाहरणाला आपण पुण्या-मुंबईकडे सर्रास दिसतो तसा टू बीएचकेचा हॉल घेऊ. १० बाय १६ फूट, एका टोकाला बाल्कनीचा स्लायडिंग दरवाजा, बाजूला एक खिडकी, खाली मोतिया रंगाच्या टाइल्स, भिंती ऑफ-व्हाइट, तपकिरी थ्री सीटर सोफा आणि समोर टीव्ही. तुमचा हॉल वेगळा असेल तर आकडे बदला, पद्धत तीच.

आधी ऊन

एका सुट्टीच्या दिवशी सकाळी, दुपारी चारच्या सुमाराला आणि रात्री दिवे लावल्यावर असं तीन वेळा हॉलमध्ये नुसतं उभं राहून बघा. बाल्कनी पश्चिमेला असेल तर मार्च ते मे दुपारनंतर ऊन थेट सोफ्यापर्यंत येतं, टीव्हीवर चकाकी येते आणि एक-दोन उन्हाळ्यांत कापडाचा रंग विटायला लागतो, तिथे अस्तर लावलेला पडदा पाहिजेच, त्यात तडजोड नको. पूर्वेचं ऊन सकाळचं असतं, हवंहवंसं, तिथे हलकं कापड चालतं. उत्तरेकडून दिवसभर सारखा सौम्य उजेड येतो आणि तिथे जाड गडद पडदा लावला तर हॉल काळोखा होतो, दिवसा ट्यूब लावून बसावं लागतं. दक्षिणेचं ऊन हिवाळ्यात तिरकं आत येतं, उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असल्यामुळे वरचा छज्जा ते बऱ्यापैकी अडवतो.

समोर काय आहे तेही बघा. समोरच्या बिल्डिंगची खिडकी पंधरा-वीस फुटांवर असेल तर नेटचा पडदा दिवसा पुरतो, पण रात्री आत दिवे लागले की त्याच नेटमधून बाहेरच्याला सगळं दिसतं, म्हणून नुसत्या नेटवर भागत नाही, नेट आणि जाड पडदा अशी जोडी लागते. जाड पडदा बाजूला बांधून दिवसभर नेट सोडून ठेवली तरी छान दिसतं, म्हणून मला विचाराल तर शहरातल्या हॉलला ही जोडीच सगळ्यात उपयोगाची.

आणि उकाड्याबद्दल एक सांगते, पडद्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. काचेतून उष्णता एकदा आत आली की पडदा ती थोडी अडवतो, परत बाहेर घालवत नाही. ऊन काचेच्या बाहेरच अडलं तर खरा फरक पडतो, म्हणून बाल्कनीत बांबूची चिक, म्हणजे गुंडाळता येणारा काड्यांचा पडदा, सोडता येत असेल तर सोसायटीत विचारून आधी ती लावा. विदर्भात उन्हाळ्यात दाराला वाळ्याचे पडदे बांधून त्यांवर पाणी मारायचे, त्यात ऊन बाहेरच अडायचं आणि ओल्या वाळ्यातून येणारी हवाही गार व्हायची.

रॉड कुठे लावायचा

सगळा हॉल उठून दिसणार की नाही हे कापडापेक्षा जास्त रॉडवर ठरतं, पण याकडे कोणी लक्षच देत नाही, इलेक्ट्रिशियन येतो आणि चौकटीच्या डोक्यावर दोन इंच सोडून ठोकून जातो.

दोन गोष्टी करा. एक, रॉड चौकटीच्या वर निदान ६ इंच तरी घ्या, जागा असेल तर अजून वर, चौकट आणि छत यांच्या मधोमध किंवा त्याहूनही थोडा वर गेला तरी चांगलाच दिसतो, छत उंच वाटतं. दोन, दोन्ही बाजूंना चौकटीच्या बाहेर ८-८ इंच जास्त रॉड ठेवा. कारण पडदा उघडल्यावर त्याच्या चुण्या कुठेतरी गोळा होणार, त्या काचेवर गोळा झाल्या तर एवढे पैसे मोजून घेतलेली बाल्कनी अर्धी झाकली जाते, भिंतीवर गोळा झाल्या तर खिडकी मोठी वाटते आणि उजेडही पूर्ण येतो.

आता अडचणी. खिडकीच्या डोक्यावर बहुतेक वेळा काँक्रीटचा बीम असतो, तिथे साधं ड्रिल चालत नाही, हॅमर ड्रिलच लागतं आणि गिट्टी, म्हणजे भोकातला स्क्रू धरणारा प्लग, नीट बसली पाहिजे, नाहीतर सहा महिन्यांत ब्रॅकेट हलायला लागतो. पीओपी किंवा जिप्समच्या फॉल्स सीलिंगला रॉड किंवा चॅनेल लावायचा असेल तर सीलिंग करतानाच आत प्लायची पट्टी टाकून घ्यायला सांगा, नुसतं जिप्सम वजन धरत नाही. एसीचं इनडोअर युनिट खिडकीच्या वर असेल तर पडदा आणि युनिट यांच्यात हवेला वाट आहे ना ते बघा, तिथे रॉड खाली घ्यावा लागला तर घ्या, देखण्यापणापेक्षा एसी चालणं महत्त्वाचं. ड्रिल मारण्याआधी आजूबाजूला स्विचबोर्ड कुठे आहे ते बघून घ्या, बोर्डातून वायरचे पाइप बहुतेक सरळ वर जातात आणि त्या रेषेत भोक पाडायचं नाही.

रॉड ५-६ फुटांपेक्षा लांब असेल तर मधोमध तिसरा ब्रॅकेट लावाच, नाहीतर अस्तरवाल्या पडद्याच्या वजनाने रॉड मधे वाकतो. मधला ब्रॅकेट रिंगांना अडतो असं वाटेल, पण पडदे मधून दोन बाजूंना उघडणारे असतील तर काही अडत नाही, डावे डावीकडे राहतात आणि उजवे उजवीकडे. नेट आणि जाड पडदा दोन्ही हवे असतील तर डबल ब्रॅकेट सुरुवातीलाच घ्या, नंतर परत भिंत फोडायला नको.

मापं आणि हिशोब, इथे जरा सावकाश

रॉड ठोकून झाल्यावरच मापं घ्या, आधी नाही. आणि स्टीलच्या टेपने घ्या, शिवणकामाची कापडी टेप ताणली जाते.

आपल्या उदाहरणातला बाल्कनीचा दरवाजा ६ फूट रुंद आहे असं धरू, म्हणजे ७२ इंच, दोन्हीकडे ८-८ धरून रॉड ८८ इंचांचा. पडद्याला चुण्या पडायच्या तर कापड रॉडच्या दुप्पट तरी पाहिजे, प्लीटवाले, म्हणजे वर पक्क्या चुण्या शिवलेले, करणार असाल तर अडीचपट. ८८ दुणे १७६. पडद्याच्या कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, साधारण ४८ इंच असतो, १७६ भागिले ४८ म्हणजे पावणेचारच्या आसपास, तर ४ पन्हे घ्यायचे, दोन डावीकडे दोन उजवीकडे. तीनमध्ये भागवू नका. पैसे वाचवायला लोक इथेच कापड कमी करतात आणि मग पडदा लावल्यावर सपाट चादर टांगल्यासारखा दिसतो. महागातलं कापड ताणून लावण्यापेक्षा साधं कापड भरपूर चुण्यांचं लावलेलं केव्हाही जास्त श्रीमंत दिसतं, याबाबत माझं मत एकदम पक्कं आहे.

उंची. रॉड जमिनीपासून साडेसात फुटांवर, म्हणजे ९० इंच. रिंगवाल्या पडद्याचं डोकं रॉडच्या वर इंच-दीड इंच जातं आणि खाली जमिनीपासून अर्धा इंच सोडायचा, म्हणजे तयार पडदा ९१ इंचांचा. वरची दुमड आणि खालची रुंद दुमड मिळून १२ इंच धरा, झाले १०३, साधारण २.६ मीटर. चार पन्ह्यांना साडेदहा मीटर कापड. कापडावर मोठं प्रिंट असेल आणि ते दर २४ इंचांनी परत येत असेल तर सगळ्या पडद्यांवर फुलं एका रेषेत यायला प्रत्येक पन्ह्याला पाच पूर्ण डिझाइनं, म्हणजे १२० इंच लागतील, आणि साडेदहाचे सव्वाबारा मीटर होतील. दुकानात हे कोणी सांगितलं नाही तर तुम्हीच विचारा, कारण नंतर तोच लॉट मिळत नाही आणि दुसऱ्या लॉटची छटा किंचित का होईना वेगळी येते.

जमिनीवर लोळणारे पडदे परदेशी मासिकांत छान दिसतात, आपल्याकडे रोज झाडू-फरशी होते, ते आठवड्यात काळे पडतील. अर्धा इंच वरच ठेवा. पण फार वरही नको, घोट्याच्या वर गेलेला पडदा आखूड झालेल्या पँटसारखा दिसतो.

रेडीमेड घेणार असाल तर ते साधारण ४ फूट रुंद आणि ५, ७, ९ फूट उंच अशा मापात येतात. पाच खिडकीला, सात दाराला, नऊ मोठ्या दाराला. पण आपण रॉड साडेसात फुटांवर नेलाय ना, मग सातचा आखूड पडणार, म्हणून नऊचा घ्या आणि खालून कापून दुमडून घ्या, कोपऱ्यावरचा आल्टरेशनवाला करून देतो. कापायच्या आधी एकदा रॉडवर चढवून टाचण्या लावून मगच द्या. उरलेलं कापड फेकू नका, त्याचं पुढे सांगते.

खिडकीचा पडदा कुठपर्यंत सोडायचा हा नेहमीचा प्रश्न. खिडकीखाली सोफा किंवा दिवाण चिकटून असेल तर खिडकीच्या कट्ट्याखाली ६ इंचांपर्यंत बास. खिडकीखाली मोकळी भिंत असेल आणि ती बाल्कनीच्या दाराच्याच भिंतीवर असेल तर तोही जमिनीपर्यंतच सोडा, एकाच भिंतीवर एक लांब आणि एक आखूड असं तुटक दिसतं.

कापड

सुती कापडाचा पोत आणि पडणं सुंदरच, खादी तर फारच, पण सुती आटतं, म्हणून शिवायच्या आधी एकदा पाण्यातून काढून वाळवून इस्त्री करून मग टेलरकडे द्या. लिनन महाग, चुरगळतं, पण उजेड त्यातून गाळून येतो तो दुसऱ्या कशातून येत नाही. पॉलिस्टरला लोक नावं ठेवतात, पण पश्चिमेच्या उन्हात ते सुतीपेक्षा जास्त टिकतं, आटत नाही, मुंबई-ठाण्याच्या दमट हवेत लवकर वाळतं, त्यामुळे सुतीसारखा पोत असलेलं मिश्र कापड हा हॉलसाठी शहाणपणाचा पर्याय आहे. खरं रेशीम थेट उन्हात विरतं, ते खिडकीला नकोच, जुन्या सिल्कच्या साडीचे पडदे करायचे असतील तर आत अस्तर हवंच आणि शक्यतो उत्तरेच्या खिडकीला.

वेल्वेट मात्र आपल्या हॉलला मी सुचवणार नाही. धूळ धरतं, जड असतं, जून ते सप्टेंबर कुबट वास येतो.

अस्तर म्हणजे मागे लावायचं साधं फिकट कापड, याने पडदा उन्हापासून वाचतो, पडतोही छान आणि बाहेरून सगळ्या खिडक्या एकसारख्या दिसतात. बजेट कमी असेल तर पुढचं कापड स्वस्तातलं घ्या पण अस्तर काढू नका. ब्लॅकआउट हॉलला सहसा लागत नाही, ते बेडरूमला. दुपारी मॅच बघायला काळोखच लागतो असं असेल तर घ्या.

मुंबईत मंगळदास मार्केट आहे, पुण्यात लक्ष्मी रोडच्या आसपास कापडाची भरपूर दुकानं आहेत. जाताना सोफ्याच्या कुशनचा एक अभ्रा काढून पिशवीत न्या, फोनमधल्या फोटोत रंग खरा येत नाही. आणि पसंत पडलेल्या दोन-तीन कापडांचे तुकडे मागून घरी आणा, दिवसा खिडकीवर आणि रात्री दिव्याखाली धरून बघा. दुकानातल्या पांढऱ्याशुभ्र दिव्याखाली सुरेख दिसणारा राखाडी रंग घरच्या पिवळसर दिव्यात मातकट दिसतो, अगदी उलटही होतं.

रंग आणि बाकीचा मेळ

आता मुख्य गोष्ट. मेळ म्हणजे सगळं एकाच कापडाचं नव्हे. पडदे, सोफा कव्हर, कुशन, दिवाणाची चादर, सगळ्याला तेच मोठ्या फुलांचं कापड असा सेट मिळतो, पण त्याने हॉल भरून गेल्यासारखा वाटतो आणि एक वस्तू खराब झाली की सगळा सेट बाद. त्यापेक्षा एक रंग धरा आणि तो हॉलमध्ये तीन ठिकाणी, वेगवेगळ्या पोतात, लांब-लांब येऊ द्या.

सुरुवात न बदलणाऱ्या गोष्टींपासून. आपल्या हॉलमध्ये टाइल्स मोतिया आणि सोफा तपकिरी, म्हणजे दोन्ही उबदार रंग. इथे निळसर राखाडी पडदा आणला तर टाइल्स पिवळट, जुनाट दिसायला लागतात. म्हणून पडदा भिंतीपेक्षा दोन छटा गडद असा गव्हाळ किंवा मातकट घ्या, म्हणजे एवढा मोठा भाग शांत राहील, नेट मोतिया. मग जिवंतपणा आणायला एक रंग निवडा, शेवाळी किंवा विटकरी किंवा मोरपंखी, यातला एकच. समजा शेवाळी घेतला, तर दोन कुशन शेवाळी, गालिच्यात कुठेतरी शेवाळी रेघ, आणि तिसरं म्हणजे खिडकीतलं मनी प्लांट किंवा स्नेक प्लांट, ते तर फुकटातलं शेवाळी आहे. टाइल्स थंड राखाडी असतील तर हेच उलट करा, पडदा राखाडी किंवा निळसर आणि उबदारपणा लाकडातून, कुशनमधून.

प्रिंट कुठेतरी एकाच मोठ्या गोष्टीवर असू द्या. पडदे प्रिंटचे तर सोफा आणि गालिचा साधे, गालिचा भरगच्च तर पडदे साधे. कुशन छोटी असतात, तिथे थोडी मजा चालते. खणाचं कापड कुशनला अप्रतिम दिसतं, कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा खरा खण पन्ह्याला अरुंद असतो म्हणून पडद्याला जमत नाही, पण १६ इंची कुशनला एकदम बरोबर, आणि साध्या मातकट पडद्यांच्या हॉलमध्ये दोनच खणाची कुशनं ठेवली तरी घर आपलं वाटतं. इरकलीचे जुने काठही साध्या अभ्र्याला लावता येतात. दिवाणावर सोलापुरी चादर घाला की, तिला जीआय मानांकन आहे, धुवायला सोपी आणि वर्षानुवर्षं टिकते, पाहुण्यांसाठी वेगळं काही अंथरायची गरज नाही.

कुशनचं माप. थ्री सीटरवर १६ इंची चार किंवा १८ इंची दोन आणि १२ इंची एक, त्यापेक्षा जास्त ठेवली तर माणसांना बसायला जागा उरत नाही. आतलं फिलर अभ्र्यापेक्षा एक-दोन इंच मोठं घ्या, १६च्या अभ्र्यात १८चं, तरच कोपरे भरलेले दिसतात. अभ्र्याला चेन लावून घ्या. आणि ते पडद्याचं उरलेलं कापड? त्याचे एक-दोन अभ्रे किंवा पडदे बांधायचे पट्टे करा, एवढा मेळ पुरतो.

सोफ्याला कापड निवडताना मळखाऊ रंग आणि घट्ट विणीचं जाड कापड, त्याचा पन्हा बहुतेक ५४ इंच असतो. स्वस्त रेक्झिनसारखं मटेरियल कोकण किनाऱ्याच्या हवेत काही वर्षांत सोलपटायला लागतं. लहान मुलं, कुत्रा-मांजर असेल तर काढून धुता येणारं कव्हर.

गालिचा छोटा घेऊ नका. टीपॉयखाली पायपुसण्याएवढा तुकडा ठेवला की हॉल उलट लहान दिसतो. १० बाय १६च्या हॉलला ५ बाय ८ फूट बरोबर, सोफ्याचे पुढचे दोन पाय त्यावर यायला हवेत. धुता येणारी सुती सतरंजी सगळ्यात सोयीची, खाली घसरू नये म्हणून रबरी जाळी टाका, घरात आजी-आजोबा असतील तर हे विसरूच नका. पावसाळ्यात गुंडाळून ठेवली तरी चालेल.

दिव्यांत नुसती एक ६५०० केल्विनची पांढरी ट्यूब असेल तर हे सगळे उबदार रंग रात्री फिके पडतात, सोफ्याशेजारी २७०० ते ३००० केल्विनचा, म्हणजे पिवळसर उजेडाचा एक लॅम्प ठेवा. देवघर किंवा समई हॉलमध्येच असेल तर तिथून पडदा लांब आणि बांधलेला पाहिजे, पंख्याच्या वाऱ्याने नेट किती उडते ते एकदा पंखा पाचवर ठेवून बघा.

शिवताना आणि नंतर

टेलरला तीन गोष्टी सांगा. प्रत्येक पडद्याला रिंगा सम संख्येत लावायच्या, ४८ इंचांना साधारण ८, म्हणजे दोन्ही कडा भिंतीकडे वळतात. खालची दुमड ४ ते ६ इंचांची, त्याने पडदा सरळ पडतो आणि पुढेमागे आटला तर सोडून लांब करता येतो. आणि रिंगांच्या पट्टीत कडक बक्रम, म्हणजे आतून घालायची ताठ पट्टी.

नवीन पडदे लावल्यावर चुण्या हाताने एकसारख्या करून दोन-तीन ठिकाणी सुतळीने सैल बांधून एक-दोन दिवस तसेच ठेवा, मग त्या चुण्यांना वळण लागतं. पावसाळ्यात बाल्कनीच्या दारातून झड येते तेव्हा पडद्याची खालची कड भिजून बुरशी धरते, त्या दिवसांत पडदा वर उचलून गाठ मारून ठेवा. महिन्यातून एकदा व्हॅक्यूम किंवा नुसता झटकला तरी चालतो, धुताना गार पाणी, नेट जाळीच्या पिशवीत, आणि पूर्ण वाळवू नका, किंचित ओलसर असतानाच परत रॉडवर चढवा, स्वतःच्या वजनाने सुरकुत्या निघून जातात आणि इस्त्री वाचते.